बाई, गोष्ट खोटी निघाली!

या वेळचं पत्र बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं आहे. पत्र मोठं होतं, त्यातला मुख्य भाग देते.

"आदरणीय बाई, तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीवरच्या, जिल्हा परिषद शाळेत मी तीन वर्षांपासून शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, मिळून 23 लेकरं. मराठीच्या तासाला गोष्ट सुरू केली की वर्ग चिडीचूप होतो. गणिताचं पुस्तक उघडलं की माना खाली. म्हणून ठरवलं, गणित आणि परिसर अभ्यासही गोष्टीतून शिकवायचा. भागाकारासाठी दोन मांजरी आणि माकडाची गोष्ट सांगितली. लेकरं खूश झाली. पण चाचणीत भागाकार कुणालाच येईना, माकड मात्र सगळ्यांच्या लक्षात. सोबतचे सर म्हणतात, गोष्टी सांगत बसलात तर पोर्शन कधी होणार? मला आवाज काढून, हातवारे करून सांगताही येत नाही. निम्मी लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापांसोबत ऊसतोडीला जातो. गोष्टींचा नाद सोडून द्यावा का?"

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. नाद सोडू नका. लेकरांच्या माना खाली जातात हे तुम्हाला दिसलं आणि सललं, म्हणून तुम्ही हा खटाटोप केला. तुमचं चुकलं असेल तर फार थोडं, आणि ते कुठं चुकलं हे तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे. माकड लक्षात राहिलं, भागाकार राहिला नाही. का? तुम्ही सांगितलेल्या गोष्टीत भागाकारावाचून कुणाचंच काही अडलं नव्हतं. मांजरी भांडल्या, माकड आलं, लोणी खाऊन गेलं, गोष्ट संपली. मग तुम्ही पुस्तक उघडलंत आणि भागाकार सुरू केलात. लेकरांच्या लेखी एक चांगला कार्यक्रम संपला आणि तास सुरू झाला.

तीच गोष्ट पुन्हा घ्या. या वेळी मध्येच थांबा. तराजूच्या एका पारड्यात 7 चमचे लोणी आहे, दुसऱ्यात 5. मांजरी रडकुंडीला आल्या आहेत. आता माकडाला आणूच नका. लेकरांना विचारा, मांजरींनी काय केलं तर दोघींना सारखं मिळेल? फळ्यावर आकडे लिहू नका. सात खडे, पाच खडे जमिनीवर मांडा. कुणीतरी म्हणेल, जास्तीचे दोन खाऊन टाका. खाऊ द्या. पाच-पाच उरतील, पण लोणी कमी झालं हे दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येईलच. मग एखादं शांत बसणारं लेकरू पुढं सरकतं आणि सातातला एक खडा उचलून पाचात ठेवतं. सहा-सहा. बारा लोणी, दोन मांजरी, प्रत्येकीला सहा. माकडाला बोलवायची गरजच नव्हती!

त्यानंतर माकड येऊ द्या. आता तेच माकड वेगळं दिसतं. सातातले दोन खाल्ले असते तर भांडण मिटलं असतं, त्यानं मुद्दाम चार खाल्ले. उरले तीन आणि पाच. मग पाचातले दोन खायचे तर त्यानं तीन खाल्ले. "बाई, माकडाला हिशोब येत होता, मांजरींना येत नव्हता," हे वाक्य माझ्या वर्गात चौथीतल्या एका मुलीनं म्हटलं होतं. त्या दिवशी त्या गोष्टीचा अर्थ मला पहिल्यांदा कळला.

गोष्टीतलं कुणीतरी अडलं पाहिजे, आणि शिकवायचं ते आल्याशिवाय त्याचं पाऊल पुढं पडता कामा नये. विषय कोणताही असो, गोष्ट निवडताना मी एवढंच बघते.

आता तुमच्या तांड्याकडे येते, कारण तुमच्याकडे जे आहे ते शहरातल्या शाळेकडे नाही. बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालत. बंजाऱ्यांना लमाणही म्हणतात, आणि लमाण हा शब्द लवणावरून, म्हणजे मिठावरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. रेल्वे आणि पक्के रस्ते आले तसा तो धंदा बसला. तुमच्या वर्गातल्या लेकरांना आपल्या आज्या-पणज्यांच्या या व्यापाराची खबर असेलच असं नाही. त्यांना ऊसतोड तेवढी माहीत. म्हणून मी तुम्हाला पहिली गोष्ट मिठाच्या तांड्याचीच, म्हणजे मीठ वाहणाऱ्या बैलांच्या ताफ्याचीच सुचवते. रचलेली आहे, खुशाल बदला.

एक तांडा मीठ घेऊन समुद्राकडून आपल्या मुलखाकडे निघालाय. सोबत 7 बैल आणि मिठाच्या 45 थैल्या. नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, म्हणतो, सगळ्या बैलांवर सारखंच ओझं पाहिजे, आणि बैलाच्या दोन्ही अंगांना वजन सारखं पाहिजे, नाहीतर बैल लंगडेल. प्रत्येक बैलावर किती थैल्या?

इथं थांबा. चिंचोके आणून ठेवा. लेकरं वाटायला लागतील. एकेक, एकेक. कुणी दोन-दोन टाकेल, दोन्ही अंगांना एकेक म्हणून. प्रत्येकी सहा होतील, तीन इकडं आणि तीन तिकडं, आणि तीन थैल्या उरतील. नेहमीच्या गणितात आपण इथं "बाकी 3" लिहून मोकळे होतो. गोष्टीत तसं चालत नाही. उरलेलं मीठ काय माळावर टाकून द्यायचं? माझ्या वर्गातली उत्तरं सांगते. एक म्हणाला, तगड्या बैलावर दोन चढवा, दोन्ही अंगांना एकेक, आणि राहिलेली एक नायक खांद्यावर घेईल. एक म्हणाली, वाटेतल्या गावात तीन विकून टाका आणि ज्वारी घ्या. एकानं विचारलं, आठवा बैल विकत घेतला तर? मग त्या आठव्यावर तीनच थैल्या येणार आणि त्या दोन अंगांना वाटता येणार नाहीत, हे त्याचं त्यालाच उमगलं. भागाकारातली बाकी म्हणजे काय हे मी वीसेक वर्षं फळ्यावर शिकवलं असेन, पण त्या तासाइतकं स्पष्ट कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र गोष्ट नको. 38 भागिले 6, 50 भागिले 8, नुसती कोरी गणितं द्या. हा टप्पा गाळला की तुमच्या चाचणीसारखं होतं. लेकराला गोष्टीत जमतं, कागदावर जमत नाही. कोरं गणित सोडवताना अडलं तर "बैल किती, थैल्या किती?" एवढंच विचारा. आणि पाढे पाठच करून घ्या. पाढ्यांना गोष्टीचा साज चढवण्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रोज सकाळी तालात म्हणावेत, बस्स.

तोच तांडा परिसर अभ्यासात न्या. वाटेत नदी लागते, बैल पाण्यात बसतो, उठतो तेव्हा ओझं हलकं झालेलं. मिठाच्या गोणीच्या गाढवाची गोष्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. गाढव पाण्यात बसतं, मीठ विरघळतं. मग मालक कापूस लादतो, गाढव पुन्हा बसतं आणि ओझं जड होतं. तात्पर्य, आळस करू नये. वर्षानुवर्षं आपण आळसाचंच तात्पर्य सांगतो आणि मीठ गेलं कुठं हे विचारायचं राहून जातं.

मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तो परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात. अर्धा किलो खडेमीठ, पातळ फडक्याची पुरचुंडी, पिण्याच्या स्वच्छ पाण्याची बादली. लाकडी पट्टी, डब्याची दोन झाकणं आणि सुतळी घेऊन तराजू आम्हीच केला. पुरचुंडी तोलली, दुसऱ्या पारड्यात गोटे घातले, ते गोटे बाजूला काढून ठेवले. मग एकेकानं पुरचुंडी पाण्यात हलवायची. पाळीपाळीनं सगळ्यांनी हलवली, तोवर आत चार-दोन खडे राहिले. पुन्हा तराजूत घातली तर गोट्यांचं पारडं धपकन खाली. "मीठ मेलं," एक पोरगा म्हणाला. बोट बुडवून पाणी चाखलं तेव्हा त्यानंच सांगितलं, "नाही, पाण्यात लपलंय." मग ते पाणी पसरट ताटात घालून उन्हात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ताटाच्या तळाला पांढरी खरपुडी धरली. लपलेलं मीठ परत आलं होतं. पावसाळ्यात हा भाग फसतो, ऊन बघून करा.

आता कापूस. आमचा सगळा भाग कापसाचा. लेकरांनी शेतातून वेचलेली बोंडं आणली. मी मोठ्या विश्वासानं सांगितलं की आता बघा, कापूस पाणी पितो आणि जड होतो. कापूस टाकला. तो तरंगत राहिला. दाबला तर बुडबुडे आले, सोडला की पुन्हा वर. "बाई, गोष्ट खोटी निघाली!" आख्खा वर्ग ओरडला. मला काही सुचेना. मी खरं तेच सांगितलं, की मलाही हे माहीत नव्हतं, उद्या विचारून येते. हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, कापसाच्या तंतूवर मुळातच मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळं पाणी लगेच आत शिरत नाही. दवाखान्यातला कापूस प्रक्रिया करून तो थर काढलेला असतो, म्हणून तो झटकन पाणी ओढतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही कापूस शेजारी शेजारी पाण्यात टाकले. एक बसला, एक तरंगला. जुन्या गोधडीचा तुकडाही टाकला, तो भिजून चांगला जड झाला. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, गाढवाच्या पाठीवर कापूस नसंल, गोधड्या असतील."

त्या वर्गानं पुढं वर्षभर ती गोष्ट गोधड्यांचीच सांगितली. गोष्ट खोटी निघणं ही वर्गातली फार मोठी घटना असते ताई. सांगणाऱ्याचं म्हणणं पाण्यात टाकून बघायचं असतं, हे लेकरं त्या दिवशी शिकली. म्हणून गोष्टीला घाबरू नका, आणि ती खरी ठरवायच्या भरीसही पडू नका.

एक काळजी मात्र घ्या. विज्ञानात ढगाला रडवू नका. "ढगाला दुःख झालं म्हणून पाऊस पडला" असं सांगितलं तर लेकरं उत्तरपत्रिकेत तेच लिहितात, आणि त्यांची काही चूक नसते. "मी थेंब बोलतोय" या धाटणीच्या आत्मकथा मला म्हणूनच फारशा आवडत नाहीत. थेंबाला मन दिलं की वाफ होण्याचं कारण त्याच्या मर्जीवर जातं. माणसं आणि जनावरं बोलू द्यात, पाऊस-माती-मीठ आपापल्या नियमानं वागू द्यात. तांड्यातला नायक रडेल, हसेल, चुकेल. मीठ मात्र विरघळेलच.

चौथीला याच तांड्यातून भूगोल निघतो. नकाशा जमिनीवर पसरा आणि समुद्र शोधायला लावा. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कुठंच समुद्र नाही, मग मीठ कुठून आलं? बोट कोकणपट्टीवर जाईल, मध्ये सह्याद्री आडवा येईल, मिठाचे बैल घाट कुठून चढतील हा प्रश्न आपोआप उभा राहील. वाट 300 किलोमीटर धरा, तांडा दिवसाला 15 किलोमीटर चालतो असं धरा, किती दिवस लागतील? एका गोष्टीवर असे चार-पाच दिवस निघतात. दर तासाला नवी गोष्ट शोधत बसू नका. तुम्ही थकाल आणि लेकरांच्या डोक्यात गोष्टींचा गाळ साचेल.

इतिहासाला आपल्याच भागातली एक गोष्ट देते. वेरूळच्या कैलास लेण्याविषयी जुनी लोककथा आहे. एलापूरचा, म्हणजे जुन्या वेरूळचा, राजा आजारी पडला. राणी माणिकावतीनं घृष्णेश्वराला नवस केला, राजा बरा झाला तर मंदिर बांधीन, आणि कळस दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला. आता मंदिर व्हायला वर्षं लागणार, तोवर राणी जगेल कशी? सगळे कारागीर गप्प. पैठणचा कोकास नावाचा कारागीर पुढं आला आणि म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो.

इथं थांबा. कसा दाखवेल? लेकरं विचार करून दमली की प्रत्येकाला साबणाची स्वस्त वडी किंवा ओल्या मातीचा गोळा द्या आणि त्यातून देऊळ कोरायला सांगा. जो खालून सुरू करील त्याचं वरचं कोसळेल. वरून सुरू करणाऱ्याला कळस पहिल्यांदा मिळेल. आधी कळस, मग पाया! कोकासानं डोंगराच्या माथ्यावरून कोरायला घेतलं.

मग फळ्यावर दोन रकाने काढा. एकावर लिहा "असं सांगतात", दुसऱ्यावर "असं दिसतं". राणीचा नवस पहिल्यात. लेणं एकाच खडकात वरून खाली कोरलेलं आहे, हे दुसऱ्यात. ते आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळचं मानतात आणि त्याला ताम्रपटाचा आधार आहे, हेही दुसऱ्यात. माणिकावती खरंच होती का, हे लेकरं विचारतीलच. "गोष्टीत आहे, पुराव्यात सापडलेली नाही," असं सरळ सांगा. त्यानं गोष्टीची गोडी कमी होत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तिसरी-चौथीच्या वयात हे दोन रकाने ज्याच्या डोक्यात बसले, तो पुढं मोबाइलवर आलेलं सगळंच खरं मानणार नाही.

आता सांगता येत नाही म्हणता त्याविषयी. आपल्या आज्या आवाज काढत होत्या का? माझी आजी वाती वळता वळता एकाच सुरात सांगायची, आणि आम्ही श्वास रोखून ऐकायचो. तिची एकच अट असे, कुणीतरी हुंकार दिला पाहिजे. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. हीच पद्धत वर्गात आणा. रोज एका लेकराला हुंकार द्यायचं काम द्या, तेही सगळ्यांत चुळबुळ्याला. पुस्तक मिटून ठेवा, लेकरांच्या पातळीवर खाली बसा. पहिलं वाक्य आणि थांबायची जागा एवढंच पाठ करा, बाकीचं तुमच्या बोलीत येऊ द्या. सात-आठ मिनिटांच्या वर गोष्ट लांबवू नका. आणि थांबलात की खरंच थांबा. आपल्याला शांतता सोसत नाही म्हणून आपणच उत्तर देऊन टाकतो. मनात वीस आकडे मोजा.

नमुना हवा असेल तर गावातल्या सप्त्यात कीर्तन ऐका. नामदेवांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, एकनाथांचं पैठण, गोरोबाकाकांचं तेर, सगळं आपल्याच मराठवाड्यात. कीर्तनकार अभंग घेतो, चरण सोडवता सोडवता दृष्टान्तात शिरतो, माणसं हसतात, डोळे पुसतात, आणि तो अलगद त्याच चरणावर परत येतो. दृष्टान्त कितीही रंगला तरी अभंग सुटत नाही. तुमचा भागाकार म्हणजे तो अभंग समजा.

गोरमाटीची अडचण मला अडचण वाटत नाही. मिठाला घरी काय म्हणता, बैलाला काय म्हणता, ओझं लादण्याला काय म्हणता, हे विचारा आणि लेकरं सांगतील ते शब्द देवनागरीत फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहा. गोष्ट सांगताना नायकाच्या तोंडी त्यांचाच शब्द घाला. तुमचा उच्चार चुकेल, लेकरं दुरुस्त करतील. बाईंना शिकवायला मिळालं की कधी न बोलणारं लेकरूही बोलतं. तांड्यातल्या एखाद्या याडीला, म्हणजे आईला, शाळेत बोलवा, तिची गोष्ट तिच्या बोलीत होऊ द्या आणि लेकरांना ती मराठीत तुम्हाला समजावून सांगू द्या. भाषेचा यापेक्षा चांगला तास मला माहीत नाही.

ऊसतोडीबद्दल लिहिताना हात जड होतो. माझ्याही वर्गातली बाकं दसरा-दिवाळीनंतर रिकामी व्हायची, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला लेकरं परत यायची ती काळवंडून, पाढे विसरून. परत आलेल्या लेकराला वर्गापुढं उभं करून "तिकडं काय हाल झाले ते सांग" असं कधीही म्हणू नका. एकदा असंच वर्गापुढं उभं केलेलं पोरगं मी पाहिलंय. ते खाली मान घालून बोटं मोडत राहिलं, दुसऱ्या दिवशी शाळेत आलं नाही. त्याऐवजी त्याला जे येतं आणि आम्हाला येत नाही ते विचारा. मोळी कशी बांधतात? एका गाडीत किती मोळ्या बसतात? वजनकाट्यावर भरलेली गाडी आधी तोलतात आणि रिकामी नंतर, ते का? हा तर वजाबाकीचा धडा आहे, आणि तो त्या लेकराइतका कुणालाच ठाऊक नाही. जाताना प्रत्येकाच्या हातात एक वही द्या आणि अर्धी गोष्ट सांगून पाठवा. तांडा घाटात अडकलाय, बैल आजारी पडलाय, पुढं काय झालं ते तिकडून लिहून किंवा चित्र काढून आणायचं. सगळी आणणार नाहीत. माझ्या एका वर्षी दोघांनीच आणली होती, एकीच्या वहीत कोपीचं, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीचं, चित्र होतं आणि दारात बैलाऐवजी ट्रॅक्टर. त्या दोन वह्यांवर आमचा आख्खा जून गेला.

पोर्शनचा प्रश्न खरा आहे, सरांवर रागावू नका. त्यांना हिशोब दाखवा. मिठाच्या तांड्यात बाकी उरणारा भागाकार, विरघळणं आणि बाष्पीभवन, नकाशावाचन आणि दहा नवे शब्द होतात. वेगवेगळे शिकवले तर याहून जास्त तास जातील. दोन वर्ग एकत्र असलेल्या शाळेत तर गोष्ट फार कामाची. तिसरी-चौथी एकाच गोष्टीला बसतात आणि थांबल्यावर तिसरीला 45 थैल्या, चौथीला 300 किलोमीटर. पाठाच्या टाचणात गोष्टीचं नाव नुसतं लिहू नका. कुठं थांबणार, कोणता प्रश्न विचारणार आणि कोणती अध्ययन निष्पत्ती साधणार, म्हणजे लेकरांना शेवटी काय आलं पाहिजे, या तीन ओळी लिहा. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला 4.6 हा परिच्छेद दाखवा. प्रत्येक विषयात गोष्टीवर आधारित अध्यापन असावं असं त्यात म्हटलेलं आहे. तिसरीपर्यंत लेकराला वाचता आणि मूलभूत गणित करता यावं यासाठी 5 जुलै 2021 ला निपुण भारत अभियान सुरू झालं, तुमची तिसरी त्याच उंबरठ्यावर आहे. कागद दाखवून कुणी गप्प बसेल, पण वह्या दाखवल्या तर पटेल. चिंचोक्यांची चित्रं काढलेल्या वह्या जपून ठेवा.

परिपाठाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. तिथली बोधकथा रोज तात्पर्यावर संपते. लेकरं गोष्ट ऐकतच नाहीत, "तात्पर्य" हा शब्द आला की हात जोडायच्या तयारीत उभी राहतात. आठवड्यातून एक दिवस तात्पर्य गाळून बघा. गोष्ट संपवा आणि रांगा वर्गात जाऊ द्या. त्या दिवशी दुपारी पोषण आहाराच्या पंगतीत कान देऊन बसा, कोण कुणाची बाजू घेतंय ते ऐका.

सोमवारी मांजरींपासून सुरुवात करा, कारण ती गोष्ट तुमच्या लेकरांना अर्धी माहीतच आहे. तांडा पुढच्या आठवड्यात. मीठ दुकानातून आणलं तरी चालेल, पण खडेमीठच घ्या, बारीक मीठ फडक्यातून आधीच गळतं. कापूस मात्र लेकरांनाच आणायला सांगा, शेतातला, सरकीसकट. तो तरंगल्यावर तुमचा वर्ग काय म्हणाला, ते मला नक्की कळवा.

तुमची,
बाई